खोटी सनद आणि बुरख्यातले स्वार: ‘द नाइट रायडर्स’ (1939)

जुनी रिळे (धागाकर्ता)

रिपब्लिक पिक्चर्सने एप्रिल 1939 मध्ये प्रदर्शित केलेला ‘द नाइट रायडर्स’ हा चित्रपट गेल्या रविवारी तिसऱ्यांदा पाहिला. पहिल्या दोन्ही वेळी न सुचलेला एक प्रश्न या वेळी मनात अडकून बसला, म्हणून हा धागा काढतो आहे.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. टॅल्बट नावाचा एक पत्तेबाज ठग खोटी कागदपत्रे बनवण्यात तरबेज असलेल्या एका माणसाला हाताशी धरतो, स्पेनच्या राजाने दिलेली म्हणून जमिनीची एक सनद तयार करवून घेतो आणि ‘डॉन लुईस दे सेरानो’ बनून एक कोटी तीस लाख एकरांवर हक्क सांगतो. कागद इतका बेमालूम असतो की कायद्यालाही त्यापुढे मान तुकवावी लागते. मग डॉनचे शिपाई येतात, डॉनचा कर येतो, आणि ज्याला तो झेपत नाही त्याचे चंबूगबाळे अंगणात येऊन पडते. ज्यांचे कुरण असे हातचे जाते त्यांत स्टोनी ब्रुक (जॉन वेन), टक्सन स्मिथ (रे कॉरिगन) आणि ललबाय जॉस्लिन (मॅक्स टेर्ह्यून) हे तीन मित्र असतात. हे तिघे दिवसा डॉनच्याच चाकरीत राहतात, रात्री झगे आणि बुरखे चढवून त्याची वसुली लुटतात आणि ती लोकांना परत करतात. सगळा मामला 56 मिनिटांत आटोपतो. शेवट सांगत नाही, पण तो कोणालाही सांगता येईल.

आता प्रश्न असा. ही कथा एका खऱ्या प्रकरणावरून उचललेली आहे. जेम्स ॲडिसन रिव्हिस नावाच्या माणसाने 1883 मध्ये ‘पेराल्टा सनद’ पुढे करून ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको यांतल्या सुमारे 18,600 चौरस मैलांवर, म्हणजे आपल्या कोकण विभागाच्या दीडपटीहून मोठ्या मुलखावर, दावा ठोकला होता. फिनिक्स शहर त्यातच येत होते. सदर्न पॅसिफिकसारख्या बड्या रेल्वे कंपनीनेही कटकट नको म्हणून त्याला पैसे मोजले. या माणसाने मेक्सिको आणि स्पेनमधल्या दप्तरखान्यांत जाऊन खऱ्या जुन्या कागदांत आपली पाने घुसवली, आणि आपली बायको ही पेराल्टा घराण्याची शेवटची वारस आहे असे दाखवण्यासाठी चर्चच्या नोंदवहीतही फेरफार केले. त्याला अखेर पकडले ते बुरखेवाल्या स्वारांनी नव्हे. ॲरिझोनाच्या सर्व्हेअर जनरलने कागद तपासून प्रतिकूल अहवाल दिला, सरकारने माणसे पाठवून तीच दप्तरे पुन्हा चाळली, 1895 मध्ये सांता फे येथील न्यायालयाने दावा फेटाळला आणि 1896 मध्ये रिव्हिसला दोन वर्षांची शिक्षा झाली. सगळे श्रेय कारकुनांचे, भिंग लावून कागद पाहणाऱ्यांचे.

असे असताना चित्रपटाने हे श्रेय बंदूकवाल्यांना का दिले? की मी 56 मिनिटांच्या करमणुकीकडून फारच अपेक्षा करतो आहे?

---

अर्धवटराव

सात दिवसांत चित्रपट संपवायचा असताना तुम्ही नायकाला वीस वर्षांची दप्तरे चाळायला लावणार? निर्मात्याने आधी तुम्हालाच अंगणात काढले असते.

---

तिसरी घंटा

अर्धवटरावांनी थट्टेत खरे कारण सांगून टाकले आहे. हर्बर्ट येट्स हा मुळात फिल्म धुण्याच्या प्रयोगशाळेचा मालक होता. त्याचे पैसे देणे लागत असलेल्या लहानसहान चित्रसंस्था त्याने 1935 मध्ये एकत्र केल्या आणि त्यातून रिपब्लिक उभी राहिली. म्हणजे कंपनीचा जन्मच थकबाकीतून झालेला. तिच्या या जातीच्या चित्रपटांचे चित्रीकरण साधारण आठवडाभरात उरकत असे आणि दुहेरी खेळात किंवा शनिवारच्या दुपारी मुलांसाठी ते लावले जात. वेळ वाचवण्याची प्रत्येक युक्ती तिथे वापरली जाई. लॉस एंजेलिसजवळच्या आयव्हर्सन रँचवरचे खडक या चित्रपटांत इतक्या वेळा आले आहेत की काही दिवसांनी ते आपल्या ओळखीचे होतात.

रात्र ही तर महागातली वस्तू. रात्री चित्रीकरण करायचे म्हणजे दिव्यांचा ताफा आला, म्हणून भर उन्हात भिंगावर गाळणी लावून ‘रात्र’ पाडण्याची पद्धत सर्रास होती. असा प्रसंग पाहताना पडद्याचा खालचा भाग बघा. आकाश काळे, स्वार काळे, आणि घोड्यांच्या पायाखाली मात्र करकरीत, रेखीव सावल्या. चंद्राच्या उजेडात सावली इतकी ठळक दिसत नाही. एकदा हे दिसले की मग दुसरे काही दिसतच नाही, याबद्दल आगाऊ क्षमा मागतो.

सांगायचे ते असे की घोडा, खडक आणि ऊन या तीन गोष्टी त्यांच्याकडे फुकटात होत्या, म्हणून कथाही त्या तिघांतून सुटेल अशीच निवडली जाई. न्यायालयाचा देखावा उभा करायला सुतार लागतो.

---

शंकासुर

एक बारीक मुद्दा. चित्रपटात राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांचे पात्र आहे. गारफील्ड यांच्यावर 2 जुलै 1881 रोजी गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ते वारले. रिव्हिसने दावा दाखल केला 1883 मध्ये. तेव्हा खऱ्या प्रकरणाशी गारफील्ड यांचा काहीएक संबंध नाही. लेखकांनी वीर नायकांची आणि एका हळहळ लावणाऱ्या राष्ट्राध्यक्षांची गाठ घालून दिली आहे, इतकेच.

---

जुनी रिळे

शंकासुर, मान्य. मात्र पटकथालेखकांत बेटी बरब्रिज या बाई होत्या आणि असल्या कितीतरी पटकथा त्यांनी त्या काळात लिहिल्या, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. मारामारीच्या या जगाच्या मागे लेखणी घेऊन एक बाई बसलेली होती.

---

बाभूळबन

थोडे अवांतर. या तिघांच्या मालिकेचे नाव ‘थ्री मेस्किटिअर्स’. अलेक्झांडर द्यूमाच्या तीन शिलेदारांवर केलेली ही कोटी आहे, कारण ‘मेस्कीट’ म्हणजे तिकडच्या माळरानावरचे काटेरी झाड. आपल्याकडे ओढ्याकाठी आणि पडीक रानात माजलेली वेडी बाभूळ याच कुळातली. तेव्हा मराठीत मालिकेचे नाव ‘तीन बाभूळवाले’ असे व्हायला हरकत नाही.

---

अर्धवटराव

काट्याने काटा काढणारे, असेही म्हणता येईल. शिवाय यातल्या कॉरिगन यांना गोरिलाचा पोशाख घालून वानराच्या भूमिका करण्याचाही नाद होता आणि टेर्ह्यून हे पोटातून आवाज काढत, एल्मर नावाचा त्यांचा लाकडी बाहुला या मालिकेत गाजला. जुलमी राजवट उलथवायला एक नट, एक गोरिला आणि एक बाहुला. पुढे काय बोलणार?

---

मोडीवाचक

धागाकर्त्यांच्या बाजूने बोलतो, कारण हा विषय माझ्या हाताखालून गेलेला आहे. मी नोकरीत होतो तेव्हापासून फावल्या वेळात मोडी कागद वाचून देतो. दहाएक वर्षांपूर्वी एका वाड्याच्या वाटणीच्या वादात माझ्यापुढे पेशवाईतली म्हणून एक सनद ठेवण्यात आली. मायना बिनचूक, शिक्क्याचा ठसा ठीक, कागदही जुना आणि कोपऱ्यांना कसर लागलेला. आणणाऱ्याची छाती चांगलीच फुगलेली होती. मी तो कागद खिडकीशी नेला आणि अक्षराकडे न पाहता रेघेकडे पाहिले.

बोरूने लिहिलेल्या मोडीत शाई संपत आली की रेघ फिकट होत जाते आणि बोरू पुन्हा दौतीत बुडवला की एकदम भरते. वळणावर रेघेची जाडी बदलते ती बोरूच्या छाटणीप्रमाणे. या कागदावर मात्र रेघ दाबली तिथे तिच्या दोन्ही कडांना दोन बारीक ओरखडे होते आणि मध्ये शाई. ती लोखंडी निबाची, म्हणजे टाकाची खूण. ज्या सालची सनद म्हणून सांगत होते त्या सालचा कारकून टाकाने लिहीत नव्हता. मी एवढेच सांगितले. कागद घडी करून पिशवीत गेला आणि पुन्हा माझ्यासमोर आला नाही.

रिव्हिसचे कागद तपासणाऱ्यांनी हेच केले असणार. खोटा कागद करणारा मजकुरावर मेहनत घेतो आणि हत्यार विसरतो. यात नाट्य नाही असे कोणी म्हणू नये. त्या खिडकीशी उभे असताना माझे हात थरथरत होते.

---

कृष्णाकाठ

मोडीवाचकांचा अनुभव वाचून अंगावर काटा आला. तरीही ‘कारकून हाच खरा तारणहार’ हे सूत्र मला आपल्या इतिहासाकडे पाहून पटत नाही. मुंबई इलाख्यात 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ दिले आणि कमिशनने काय केले? हेच, जे ॲरिझोनात झाले. सनदा मागवल्या, पुण्यातल्या पेशवे दप्तराशी ताडून पाहिल्या आणि ज्यांना पुरावा देता आला नाही त्यांची इनामे खालसा केली. त्यांतल्या काही सनदा खोट्या असतीलही. पण कोणाचा कागद आगीत गेला होता, कोणाचा पुरात, कोणाला आजोबाने तोंडीच सांगितले होते. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या दृष्टीने तो भिंगवालाच जुलमी होता, आणि दक्षिण महाराष्ट्रात 1857 च्या सुमारास जो असंतोष धुमसत होता त्यात या कमिशनचा वाटा मोठा मानला जातो.

म्हणजे तोच कारकून, तेच भिंग, तेच दप्तर. फरक इतकाच की एकीकडे कागद तपासणारे सरकार रहिवाशांच्या बाजूचे होते आणि दुसरीकडे परके. त्यामुळे चित्रपटातल्या साध्या माणसाला कागदाचीच धास्ती वाटते आणि तो कागदाबाहेरचा उपाय शोधतो, हे मला अगदी स्वाभाविक वाटते.

---

सई, आल्बुकर्की

मी न्यू मेक्सिकोत बारा वर्षे राहते आहे, म्हणून या चर्चेत इथल्या बाजूची एक गोष्ट घालावीशी वाटते. ती कळल्यावर हा चित्रपट मला पूर्वीसारखा पाहता येत नाही.

इथे खरोखरच रात्रीचे बुरखेवाले स्वार होऊन गेले. 1889 ते 1891 या काळात लास व्हेगास नावाच्या गावाभोवती, म्हणजे नेवाडातल्या जुगाराच्या शहराभोवती नव्हे तर न्यू मेक्सिकोतल्या सॅन मिगेल परगण्यातल्या गावाभोवती, ‘लास गोर्रास ब्लांकास’ म्हणजे पांढऱ्या टोप्यांचे स्वार रात्री निघत आणि गायरानाभोवती घातलेली तारेची कुंपणे कापून टाकत. हे लोक स्पॅनिश बोलणारे शेतकरी आणि मेंढपाळ होते. मेक्सिकोच्या काळात गावाच्या नावाने मिळालेली सामाईक जमीन बाहेरून आलेले बडे गुरेवाले आणि जमिनीचे दलाल कागदोपत्री हडप करत होते, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. 1848 च्या ग्वादलूपे इदाल्गो तहाने जुन्या रहिवाशांच्या मालमत्तेला संरक्षण देण्याचे वचन अमेरिकेने दिले होते, पण वचन आणि सातबारा यांत जे अंतर असते ते इथेही होते.

आता चित्रपट पुन्हा पाहा. तिथे जुलमी माणूस स्पॅनिश पोशाखातला ‘डॉन’ आहे आणि बुरखे घालून अन्याय दूर करणारे इंग्रजी बोलणारे काउबॉय आहेत. प्रत्यक्षात बुरखे कोणाच्या तोंडावर होते आणि कागद कोणाच्या हातात होते, हे सगळे उलटे करून ठेवले आहे. टॅल्बट हा स्पॅनिश नसून सोंग घेतलेला ठग आहे हे खरे, पण डोळ्यांत राहतो तो पोशाख.

---

शंकासुर

सईताई, माहिती मोलाची आहे. एक शंका मात्र येते. 1939 मधल्या अमेरिकी प्रेक्षकाला अंगभर झगे आणि तोंडावर बुरखे घेतलेले घोडेस्वार दिसले की आधी दक्षिणेतली काळ्या लोकांना छळणारी टोळी आठवली नसेल का? मला तर तीच आठवली, आणि नायक म्हणून त्यांच्याकडे पाहताना अवघडल्यासारखे झाले.

---

सई, आल्बुकर्की

मलाही झाले. बुरखा हा ज्याचा त्याचा असतो, तो चांगल्याच्या तोंडावर बसतो तसाच वाइटाच्याही. निर्मात्यांनी एवढा विचार केला असेल असे वाटत नाही. झगा स्वस्त असतो, बुरख्यात नटाऐवजी कसरतपटूला घोड्यावरून पाडता येते, आणि तिसरी घंटा यांनी वर म्हटल्याप्रमाणे या लोकांचा निम्मा विचार खर्चाच्या वहीतून निघत असे.

---

पेणकर

बुरख्याचा विषय निघाला आहे तर आपल्या मुंबईला विसरून कसे चालेल? ‘हंटरवाली’ 1935 चा. परळच्या वाडिया मूव्हीटोनने काढलेल्या त्या चित्रपटात नादिया जुलमी वजिराविरुद्ध मुखवटा चढवून, चाबूक घेऊन, घोड्यावरून उतरते. ‘द नाइट रायडर्स’च्या चार वर्षे आधी. नादियाच्या चित्रपटांतल्या घोड्याचे नाव ‘पंजाब का बेटा’ होते आणि तो श्रेयनामावलीत झळकत असे. माझे आजोबा नादियाचे कट्टर भक्त होते. देवघरात बाळकृष्ण आणि तिजोरीच्या दाराला आतून चिकटवलेले नादियाचे चित्र, अशी त्यांची व्यवस्था होती. आजीला ते चित्र ठाऊक होते, पण तिजोरीची किल्ली तिच्याकडे नव्हती.

---

अर्धवटराव

पेणकर, जुलमी राजवट कोणाची होती हे आजींना विचारून सांगा.

---

डोंगरवाट

सगळे प्रतिसाद वाचले. धागाकर्त्यांच्या प्रश्नात एक गृहीतक दडले आहे की रिव्हिसच्या प्रकरणात व्यवस्था जिंकली, म्हणून व्यवस्थेवर भरवसा ठेवणे हा त्या इतिहासाचा धडा आहे. मला वाटते, रिव्हिसविरुद्ध सरकार जागे झाले ते गरिबाच्या खोपटासाठी नव्हे. त्या मुलखात रेल्वे होती, चांदीच्या खाणी होत्या, खुद्द सरकारची जमीन होती.

याच्या उलट उदाहरण वायोमिंगचे घ्या. एप्रिल 1892 मध्ये तिथल्या बड्या गुरेवाल्यांनी टेक्सासमधून भाडोत्री बंदूकवाले आणले, सुमारे पन्नास जणांची टोळी केली, आणि लहान शेतकऱ्यांना गुरेचोर ठरवून त्यांतल्या काहींना ठार मारण्यासाठी जॉन्सन परगण्यावर चाल केली. नेट चॅम्पियन नावाच्या काउबॉयने एका लाकडी खोलीत एकट्याने दिवसभर त्यांना थोपवून धरले आणि गोळीबार चालू असताना तो खिशातल्या वहीत टिपणे लिहीत होता. अखेर खोलीला आग लावल्यावर तो बाहेर पळाला आणि मारला गेला. पुढे गावकऱ्यांनी जमून या टोळीला टीए रँचवर कोंडले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांच्या आदेशावरून घोडदळ धावून आले. कोणाला वाचवायला? कोंडलेल्या टोळीला. नंतर कोणालाही शिक्षा झाली नाही.

हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला कारकुनाच्या विजयाची कथा सांगितली असती तर तो हसला असता. त्यातून चित्रपट मंदीच्या वर्षांतला. ज्याचे शेत कर्जापायी गेले आहे त्याने बँकेचा कागद नुकताच पाहिलेला असतो. याच मालिकेतला, त्याच वर्षीचा ‘वायोमिंग आउटलॉ’ पाहा. त्यात जुलमी माणसाच्या अंगावर डॉनचा पोशाखसुद्धा नाही. तो रोजगाराच्या कामांवर माणसे लावण्यासाठी पैसे उकळणारा एक स्थानिक पुढारी आहे. स्वस्तातले चित्रपट काढणाऱ्यांना आपला प्रेक्षक कोण हे पक्के ठाऊक होते.

---

मोडीवाचक

डोंगरवाट, चॅम्पियनच्या त्या वहीने मात्र मला हवे होते ते दिले. तुमचा बंदूकवालाही शेवटी कागदच मागे ठेवून गेला.

---

तिसरी घंटा

एक गंमत राहून गेली. ‘द नाइट रायडर्स’मध्ये डॉनच्या बाजूच्या माणसाची भूमिका टॉम टायलरने केली आहे. दोनच वर्षांनी, 1941 मध्ये, हाच टायलर या मालिकेत स्टोनी ब्रुक, म्हणजे ज्या नायकाशी तो इथे लढतो तोच नायक, म्हणून दाखल झाला. जॉन वेन तोवर ‘स्टेजकोच’च्या यशावर स्वार होऊन पुढे निघून गेला होता. वेनने या मालिकेत एकूण आठ चित्रपट केले. मालिका 51 चित्रपट चालली, त्यामुळे नट बदलत राहिले आणि टोप्या त्याच राहिल्या.

---

कृष्णाकाठ

पक्षांतर आपल्याकडेच होते असे नाही, हे वाचून बरे वाटले.

---

जुनी रिळे

सर्वांचे मनापासून आभार. मी प्रश्न विचारला तेव्हा उत्तर मनात आधीच तयार होते, की स्वस्तातल्या चित्रपटाने खरी गोष्ट सोपी करून बिघडवली. कृष्णाकाठ आणि डोंगरवाट यांनी ते उत्तर माझ्या हातून काढून घेतले आहे, आणि सईताईंनी तर प्रश्नच दुसऱ्या बाजूने लावला. आता मला असे वाटते की चित्रपटाने बंदुकीला श्रेय दिले ही त्याची चूक नव्हे. त्याने सनद खोटी ठरवून स्वतःची सुटका करून घेतली, ही आहे. सनद खरी असती, शिक्के खरे असते, आणि तरीही माणसे अंगणात फेकली गेली असती, तर स्टोनी ब्रुकने काय केले असते? लास व्हेगासच्या त्या पांढऱ्या टोप्यांपुढे प्रश्न तो होता. सात दिवसांत त्याचे चित्रीकरण झाले नसते, हे अर्धवटरावांचे म्हणणे मात्र अजून कायम आहे.

---

बाभूळबन

धागा वाचून काल संध्याकाळी चित्रपट लावला. सोबत नऊ वर्षांची मुलगी होती. सावल्या तिला तिसरी घंटा यांच्या मदतीशिवाय दिसल्या. तिघे स्वार वसुली लुटून लोकांना परत करतात तिथे तिने चित्रपट थांबवायला लावला आणि विचारले, “बाबा, कोणाचे किती होते ते यांना कसे कळले? वही कोणी लिहिली?”

मी तिला म्हणालो की ललबायने लिहिली असेल. ती म्हणाली, तो तर सारखा बाहुल्याशी बोलत असतो.

---

मोडीवाचक

बाभूळबन, मुलीला सुट्टीत माझ्याकडे पाठवा. बोरू कसा छाटायचा ते शिकवतो.